रिकामं चालत नाही

१

चोरानं माल ठेवला आणि खोकं नेलं.

मी दुपारी भंगारवाल्यांकडून परतले, तर टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. बोर्ड, मेमरीच्या पट्ट्या, चांगली डिस्क, पिवळा पडलेला जडशीळ कीबोर्ड, सगळं मी सकाळी फडक्यावर मांडून गेले होते तसंच. टेबलाखाली मात्र कॅबिनेट नव्हतं. पोटातल्या पॉवर सप्लायसकट गायब. ते जिथं उभं होतं तिथं धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

माझा धंदा आधी सांगायला हवा, नाहीतर ह्यात जिवाला लागण्यासारखं काय ते कळायचं नाही. जुने कॉम्प्युटर हौसेनं पुन्हा जोडणारी माणसं असतात. त्यांच्याकडे आतले भाग हटकून असतात, कपाटाच्या तळाशी जुन्या रुमालात गुंडाळलेले. नसतं ते कॅबिनेट. घरात जागा करायची म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्या डबड्यावर पडते आणि त्याचा पॉवर सप्लायही त्याच्याबरोबर भंगारात जातो. 'जीव सगळ्यांकडे असतो, कुडी कुणाकडेच नसते,' असं मी गिऱ्हाइकांना चिडवते. त्या कुड्या शोधून देणं हे माझं काम. लोक मला खोकेवाल्या बाई म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. राग यायला इतर पुष्कळ गोष्टी आहेत.

हे कॅबिनेट मी एका दातांच्या डॉक्टरांसाठी धरून ठेवलं होतं. समोर किल्लीचं कुलूप, लाल आकड्यांची खिडकी, खटकन बसणारं मोठं बटण. असं आता मिळत नाही. घरी बसून लग्नपत्रिका आणि हस्तपत्रकं टाइप करून देणारा एक माणूस गेल्या वर्षी अचानक गेला, त्याचं ते यंत्र. त्याची बहीण वडिलांना बरोबर घेऊन आली आणि ते ठेवून गेली. "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, मावशी," म्हणाली. वडील एके काळचे चित्रकलेचे मास्तर. ते दुकानभर नुसते फिरत राहिले.

माझ्याकडे दुरुस्तीचं काम करणारे मिस्त्री दाराकडे पाठ करून सोल्डरिंग करत बसले होते. मी दोनदा विचारलं, उत्तर नाही. शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

"कॅबिनेट कुठंय, मिस्त्री?"

"तिथंच."

"तिथं नाही. कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मी जागचा हललो नाही, बाई."

"मग काय त्याला पाय फुटले?"

त्यांनी वाकून तो धुळीतला चौकोन पाहिला. मग हातातली सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे ह्याही दुकानात मीच चोर."

२

मिस्त्री आधी जिथं होते तिथून सामान चोरीला जायचं, आणि नाव मिस्त्रींचं व्हायचं. पुढे ते सामान मालकाच्याच मेव्हण्याकडे सापडलं. तोवर मिस्त्री नोकरी सोडून माझ्याकडे आले होते. त्या मालकानं नंतर साधं 'चुकलं' म्हटलं नाही. मिस्त्री हे कधी बोलून दाखवत नाहीत, पण माझ्या दुकानात ते आजही साधा स्क्रू घरी नेत नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले. भला माणूस, पण हौशी माणसाचं खेळणं हरवलं की त्याचं वय दहा होतं.

"दुकानात एकच माणूस. तो हलला नाही, दुसरं कुणी आलं नाही," ते म्हणाले. "मग मला हिशेब सांगा, बाई. नेलं कुणी?"

"शोधते."

"उद्या संध्याकाळपर्यंत शोधा. नाहीतर मी पोलिसांत जातो आणि ह्यांचं नाव देतो. किती वर्षं धुंडाळत होतो मी हे!"

मिस्त्री पुढे झाले नाहीत, ओरडलेही नाहीत. अंगातला एप्रन काढून खिळ्याला अडकवला. "बाई, खरा चोर सापडला तर निरोप धाडा. नाही सापडला तर मला शोधू नका. दुसऱ्यांदा सहन करायची ताकद नाही." आणि गेले. मला रडू कोसळायच्या बेतात होतं, म्हणून मी डॉक्टरांवर खेकसले आणि त्यांनाही घालवलं.

मग कमरेला पदर खोचला आणि दुकान उलटंपालटं केलं. कोपऱ्यात आमची एक पेटी असते, निकामी डिस्कांची. त्यांची मोटर फिरते, पण त्यातलं काही वाचता येत नाही. मिस्त्री अशा डिस्कला लाल पट्टी चिकटवतात आणि तिला 'मेलेली' म्हणतात. सकाळी सगळ्यात वर ठेवलेली एक लाल पट्टीची डिस्क पेटीत नव्हती.

चांगली डिस्क टेबलावर सोडून चोर मेलेली घेऊन गेला होता.

३

सकाळी पहिला फोन भंगारातल्या शेठला. आमच्या लाइनीत काही नाहीसं झालं की संशयाची सुई आधी त्याच्याकडे वळते.

"बाई, माझा अपमान करा, पण अकलेचा करू नका," शेठ म्हणाला. "बोर्डावर सोन्याचा मुलामा असतो. तो टेबलावर सोडून मी पत्रा उचलीन? माझ्या बापानं मला हे शिकवलं का?"

त्याचं म्हणणं पटलं. मी समोरच्या शिंप्याकडे गेले. त्याचं मशीन दाराशी आहे. रस्त्यावरचं कुत्रं कुठल्या कुशीवर निजलं तेही तो सांगतो.

"काल दुपारी माझ्याकडून खोकं घेऊन कुणी बाहेर पडलं का?"

"नाही," तोंडातल्या टाचण्या काढून तो म्हणाला. "तुमच्याकडे खोकी येतात-जातात, मी पाहतोच. काल एकही नाही."

"मग दारावरून गेलं तरी कोण?"

"शाळा सुटलेली पोरं. पाणीवाला. आणि दोरा ओवून मान वर केली तर एक म्हातारा, आजारी बायकोला चाकाच्या खुर्चीतून नेत होता. अगदी हळू, खड्डा चुकवत चुकवत. बिचारीला डोक्यापासून शालीत गुंडाळलेलं. माझी बायको म्हणाली, 'बघा, शिका काहीतरी.' तेव्हापासून घरात मला तेच ऐकवतेय."

मी हसले आणि निघाले. तेव्हा हसायला नको होतं, पण ते मला मागून कळलं.

४

मिस्त्री घरी खिडकीशी बसले होते. कानाला ऐकायचं यंत्र लावलेलं होतं. ते पाहिलं आणि माझी ट्यूब पेटली.

"काल दुपारी हे कुठं होतं?"

त्यांचा हात कानाकडे गेला.

"मिस्त्री, मी दोनदा विचारलं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. खिशात होतं ना?"

"सोल्डरिंग करताना ते शिट्टी मारतं, बाई. डोकं उठतं." मान खाली. "तुम्ही बजावलं होतं, दुकानात एकटा असताना काढू नका म्हणून. मी काढलं. पण हे डॉक्टरांसमोर बोलायचं म्हणजे बहिऱ्याला राखणीला बसवलं असं झालं असतं. तुमचंच हसं."

म्हणजे कुणीही आत येऊ शकत होतं, त्यांच्या पाठीमागून. अर्धं कोडं सुटलं. पण अशानं मिस्त्री सुटत नव्हते. 'ऐकलं नाही' असं कुठलाही चोर म्हणेल.

"आता मला एक सांगा. मेलेली डिस्क कुणी का नेईल?"

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांना ती डिस्क गेल्याचं ठाऊकच नव्हतं. "कॅबिनेटबरोबर गेली?"

"हो."

"मग त्याला पॉवर सप्लाय चालवायचा असणार. नवीन पॉवर सप्लाय बोर्डानं सांगितल्याशिवाय उठत नाही. तो जुना तसा नाही, समोरचं बटण दाबलं की काम झालं. पण ते यंत्र रिकामं चालत नाही. त्याला वीज खाणारं काहीतरी ओझं लागतं. ओझं नसलं तर उचकी देतं आणि बंद पडतं. तेव्हा मेलेली डिस्क जोडायची. ती कामाची नसते, पण फिरते. तेवढ्यानं भागतं."

"हे बाहेर कुणाला ठाऊक?"

"मी काय लपवतो होय? शेठला सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय. ती मुलगी आली होती, तिच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. तुम्ही दोघी बोलत होतात तेव्हा. जो विचारील त्याला सांगतो."

डॉक्टरांकडे स्वतःच्याच मेलेल्या डिस्का पोत्यानं आहेत. शेठला चालवायचं काही नाही, तोडायचंय. मी तिथंच बसून विचार करत राहिले. बोर्ड नाही, पडदा नाही, मेमरी नाही. असलं यंत्र सुरू करून मिळणार काय? ना अक्षर, ना चित्र. वारा तेवढा मिळेल.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "कॉम्प्युटर नसलेला कॉम्प्युटर कुणाला लागतो?"

५

यंत्र देऊन गेलेली मुलगी औषधांच्या दुकानात काम करते. मी गेले तेव्हा ती खोकल्याच्या बाटल्या लावत होती. चोरीचं ऐकून तिचा चेहरा उतरला, पण संशय यावा असं काही मला दिसलं नाही. ती ते यंत्र घरातून काढायला उतावीळ होती. परत का नेईल?

"एवढी घाई का केलीस गं द्यायची?"

"आईसाठी, मावशी." बाटली हातातच राहिली. "तिला आता आठवत नाही. दादा गेला हेच विसरते. रोज विचारते, 'तो कुठंय?' मी खरं सांगते. दर वेळी तिला ते नव्यानं कळतं, आणि दर वेळी ती पहिल्यांदा रडावं तशी रडते. मला वाटलं, खोली रिकामी केली तर प्रश्न थांबतील. उलट वाढलेच. 'आज तो एवढा गप्प का?' हेच दिवसभर."

"आणि बाबा?"

"बाबा म्हणतात, खोटं सांग. मी म्हटलं, दादाला मी खोट्यात जिवंत ठेवणार नाही. माझा भाऊ होता तो. त्यावरून बाबा आणि मी बोलत नाही, कामापुरतं सोडून." तिनं डोळे पुसले. "नवल म्हणजे कालपासून आई शांत आहे. काल मला तिकडे जायला जमलं नाही, सकाळी फोन केला तर बाबा म्हणाले, जेवली, झोपली, एकदाही विचारलं नाही."

"चार पावलं बाहेर फिरवून आणलं असेल त्यांनी."

"छे! वर्ष झालं, पलंगावरून हलत नाही ती. चाकांची खुर्ची आणली होती हौसेनं. आई एकदाही बसली नाही. दाराआड घडी करून ठेवलीय."

मला शिंपी आठवला, शाल आठवली. खड्डा चुकवत चुकवत जाणारा म्हातारा आठवला. मी मुलीकडून पत्ता घेतला. तिला एवढंच म्हटलं की कागदपत्रांत लिहायचा राहिलाय.

दुकानात येऊन मी कीबोर्ड पिशवीत घातला. कशाला, ते तेव्हा मला नीटसं सांगता आलं नसतं. मिस्त्रींना फोन केला, तर म्हणाले, "मीही येतो. चोराच्या तोंडून ऐकायचंय मला."

वाटेत मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. "ज्यानं नेलं त्याला यंत्र नको होतं, मिस्त्री. आवाज हवा होता. भिंतीपलीकडे पंखा फिरायला हवा होता, डिस्क घूं घूं करायला हवी होती. तो मुलगा कामाला बसला की घरात जो आवाज व्हायचा तेवढाच. आणि शालीत जी बाई होती, ती बाई नव्हतीच."

मिस्त्रींनी चालता चालता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तरी नाव माझंच गेलं ना."

ते खरंच होतं.

६

दार मास्तरांनी उघडलं. आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाले. आतून मंद घरघर येत होती.

मुलाची खोली लख्ख झाडलेली होती. रिकाम्या टेबलावर कॅबिनेट, लाल आकडे विझलेले, झाकणाच्या फटीतून लाल पट्टी दिसत होती. शेजारी खुर्ची, थोडी मागे सरकवलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"मागायलाच आलो होतो," मास्तर म्हणाले. "खुर्ची त्यासाठीच आणली, मला इतक्या लांब उचलून नेववत नाही म्हणून. दोनदा हाक मारली ह्यांना. ह्यांनी वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बरं झालं; खुर्चीवरचीच शाल त्याला गुंडाळली. मागितलं असतं तर कशाला हवं तेही सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही मुलीला विचारलं असतं." त्यांनी हात जोडले. "चोरी केली मी. म्हातारपणी केली."

"ह्यांच्यावर आळ आलाय," मी म्हटलं. "संध्याकाळी पोलिसांत नाव जाणार आहे."

मास्तरांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ज्याचं घर एकाच दुःखानं भरलंय त्याला दुसऱ्याचं घर दिसत नाही, आणि त्यासाठी त्याला दोष द्यावा असं मला वाटेना. त्यांनी तिथंच डॉक्टरांचा नंबर मागितला. फोनवर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बायकोचंही नाही. मग फोन त्यांनी माझ्याकडे दिला.

"चालतंय का ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालतंय."

"मग राहू द्या तिथंच," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मिस्त्री हे सगळं होईपर्यंत उभेच होते. चांगलं खडसावायचं ठरवून आले होते. वाटेत दोन-चार वाक्यं जुळवलेलीही मी ऐकली होती. ती तशीच राहिली. ते पुढे झाले आणि कॅबिनेटच्या पाठीवर तळहात ठेवला. मला जे कानानं कळतं ते त्यांना हातानं कळतं.

"पंखा कोरडा पडलाय," ते म्हणाले. "असाच ठेवलात तर महिनाभरात अडकेल. तेल आहे का शिवणयंत्राचं? आधी प्लग काढा. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

मास्तर तेल शोधायला धावले. पंखा थांबला आणि घर एकदम गप्प झालं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून हाक आली, "कोण आलंय?"

मी आत गेले. म्हातारी उशीला टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले, डोळे स्वच्छ.

"दुकानातल्या ना तुम्ही? ऐकलं मी. भिंत पातळ आहे." तिनं मला जवळ बसवलं आणि आवाज उतरवला. "डबा त्याचाच आहे. घरघर त्याचीच. पण बोटं नाहीत."

"म्हणजे?"

"खडखड, खडखड. दिवसभर बोटं चालायची त्याची. कधी कधी मी ओरडायची, 'अरे, जरा दम घे.' कालपासून यंत्र चालतंय आणि बोटं वाजत नाहीत. माझा मुलगा एवढा वेळ हात बांधून बसणारा नव्हता." तिनं पांघरूण सरळ केलं. "तेव्हाच समजले. मला रोज आठवत नाही, बाई. पण काल आठवलं, आज आठवतंय. तो नाही."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत कीबोर्ड होता. मी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"मुलगी खरं बोलते, तिचं बरोबरच आहे. पण हे..." तिनं भिंतीकडे पाहिलं. "तो गेल्यापासून ह्यांनी धड जेवण केलं नव्हतं. काल ते सुरू करून आले, मला म्हणाले, 'ऐकलंस? बसलाय कामाला.' मी हो म्हटलं. तर पोटभर जेवले. माझ्या ताटातलंही संपवलं. आता मी कशाला सांगू? तुम्हीही सांगू नका."

पलीकडे बटण खटकन बसलं. पंखा पुन्हा फिरू लागला, आता आणखी हळुवार. मास्तर दारात आले, हाताला तेल लागलेलं, आणि लहान मुलासारख्या उत्सुकतेनं बायकोकडे पाहू लागले.

"ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आज अगदी मन लावून काम करतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले. मिस्त्रींसमोर उभे राहून काहीतरी पुटपुटले. मिस्त्रींनी शांतपणे खिशातून कानाचं यंत्र काढलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "आता परत म्हणा." डॉक्टरांनी परत म्हटलं. नीट, मोठ्यानं, दारातून शिंप्यालाही ऐकू जाईल असं. मग मिस्त्रींनी खिळ्यावरचा एप्रन काढून घातला.

मी पिशवीतून कीबोर्ड काढून फळीवर ठेवत होते. मिस्त्रींनी ते पाहिलं.

"हा द्यायचा राहिला का? मास्तरांनी नुसत्या कळा बडवल्या असत्या तरी म्हातारीला खरं वाटलं असतं."

"म्हणूनच नाही दिला," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही. मी कीबोर्डवर फडकं टाकलं, आणि डॉक्टरांसाठी दुसरं कॅबिनेट कुठं मिळतं का ते विचारायला शेठला फोन लावला.